कासारे काकांचा कान

कासारे काका कुठल्याही वस्तूला आधी कान लावायचे. म्हणजे अगदी खरोखर. फ्रिज असो, पंखा असो, फोटोकॉपी मशीन असो, हा माणूस जवळ जायचा, मान तिरकी करून उजवा कान टेकवायचा, डोळे मिटायचा आणि खालचा ओठ दोन बोटांत धरून उभा राहायचा. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी फुल स्पीडमध्ये टाईप करत होते, नवीन नोकरी, इम्प्रेशन मारायचं होतं. तेवढ्यात टक्कल पडलेला, खिशाला टेस्टर खोचलेला एक माणूस माझ्या टेबलापाशी आला, वाकला, टाईपरायटरला कान लावला आणि म्हणाला, "बाय, मशीनचा पट्टा ढिला हाय. आणि तू घाबरलेली हायस."

दोन्ही खरं होतं!

कुवेतची लढाई संपून दोनेक वर्षं झाली होती. आमचं दुकान बहारीनला, मनामात, जुन्या बाजाराच्या मागच्या गल्लीत. खाली शोरूम, वर वर्कशॉप. हॉटेलांचे, शाळांचे, मशिदींचे लाउडस्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर आम्ही विकायचो आणि दुरुस्तही करायचो. मालक बहारीनी, त्यांना सगळे अरबाब म्हणायचे. स्टोअर सांभाळायचे इस्माईलभाई, दापोलीकडचे. कासारे काकाही त्याच बाजूचे, बौद्धवाडीतले. बायको आणि दोन मुली गावाला, काका उम्म अल हस्समला चौघांत एका फ्लॅटमध्ये. आणि मी वीस वर्षांची, ईसा टाउनला इंग्रजीत शिकलेली, घरी आई मराठीत विचारणार आणि मी इंग्रजीत उत्तर देणार. काकांशीही तसंच करायला गेले तर म्हणाले, "इंग्रजी टाईपरायटरला ठेव गो. माझ्याशी मराठीत बोल, मोडकं चालेल. मोडकं दुरुस्त करायलाच बसलोय मी इथं."

वर्कशॉपचा एक नियम होता. आलेल्या प्रत्येक वस्तूचं जॉब कार्ड करायचं. त्यात तीन रकाने. गिऱ्हाइकाची तक्रार, सापडलेला बिघाड आणि केलेलं काम. काका कान लावून बिघाड सांगायचे, मी टाईप करायची, मग ते स्क्रू काढायचे. स्क्रूच्या आधी बिघाड! मला वाटायचं जादू आहे. ते म्हणायचे, "जादू नाय. आधी ऐकायचं, मग उघडायचं. लोक आधी उघडतात." कधी वस्तूत काहीच दोष नसला तर मधल्या रकान्यात 'नो फॉल्ट फाउंड' लिहायचं. पण काकांच्या हातून ते सहसा लिहिलं जायचं नाही, कारण त्यांना काही ना काही सापडायचंच.

रमझानच्या आधी महिनाभर मशिदींचे कर्णे रांगेनं यायचे. काका एकेक कर्णा गच्चीवर नेऊन लांबून ऐकायचे, खाली आणायचे, परत वर न्यायचे. इस्माईलभाई चिडवायचे, "कासारे, अजान तुम्ही देनार काय?" काका म्हणायचे, "प्रार्थना कुणाची का असंना, शब्द कळला पायजे." त्यांना फाटका आवाज सहनच व्हायचा नाही. टॅक्सीतला रेडिओ खरखरला तर ड्रायव्हरला थांबवून वायर नीट करून द्यायचे. मी स्वतः बघितलंय.

तर अशा माणसाकडे ग्लेनचा कॅसेट डेक आला.

ग्लेन ऑस्ट्रेलियन, एका हॉटेलच्या मेंटेनन्सचा माणूस, आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. उन्हानं लाल झालेला, कायम घाईत, मोठ्यानं हसणारा. डेक टेप खातो अशी त्याची तक्रार होती. काकांनी अर्ध्या तासात तो बरा केला आणि आत राहिलेली कॅसेट टेस्टिंगला लावली. आणि आतून जे काही आलं ना! गिटार होती, पण गिटार वाटत नव्हती. जड, संथ, फाटकं, गढूळ, ट्रक चढावर अडकल्यासारखं काहीतरी, खाली ढोल आणि मध्ये एक मुलगा झोपेत बोलल्यासारखा गात होता. मी कानावर हात ठेवले. काकांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं डेक अजून बिघडलेलाच आहे.

तीन दिवस त्यांनी तो डेक परत परत उघडला. हेड साफ केलं, मोटर बदलली. दुसरी कॅसेट लावली की आवाज स्वच्छ, ही लावली की फाटका. चौथ्या दिवशी ग्लेन आला तेव्हा काका गंभीर होऊन म्हणाले, "मिस्टर ग्लेन, डेक ओके. कॅसेटमधला माणूस आजारी."

ग्लेन हसून हसून खुर्चीत बसला. कॅसेटमध्ये त्याच्या धाकट्या भावाचा, डॅनीचा बँड होता. चार पोरं, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या आत कुठल्यातरी खारट, कोरड्या गावची, मेंढ्या कातरायच्या पत्र्याच्या शेडमध्ये वाजवायची. बँडचं नाव सॉल्ट पॅडक. या संगीताला स्टोनर रॉक म्हणतात, म्हणजे गांजा ओढून धुंदीत ऐकायचं रॉक, असं ग्लेननं जरा लाजतच सांगितलं. मी काकांना मराठीत समजावलं. काका म्हणाले, "ओढून वाजवतात? मग ताल कसा सांभाळतात? तो ढोलवाला घड्याळ हाय, घड्याळ."

आता यात काकांची चूक म्हणाल तर एवढीच, की त्यांना तो आवाज मुद्दाम तसा ठेवलाय हे पटलंच नाही. कुणी मुद्दाम आजारी राहतं का? त्यांना वाटलं पोरं गरीब आहेत, आडगावी मेकॅनिक मिळत नसेल. त्यांनी मला बसवलं आणि पत्र सांगायला सुरुवात केली. "लिही, आदरणीय महोदय."

"काका, बँडवाल्याला आदरणीय?"

"पेशंट हाय. पेशंटशी नीट बोलायचं."

आणि मग नुसत्या कॅसेटवरून त्यांनी हजारो मैलांवरच्या, कधी न बघितलेल्या गिटारच्या अ‍ॅम्पचे चार बिघाड सांगितले. आउटपुटच्या दोन काचेच्या व्हॉल्व्हपैकी एक थकलाय. पॉवरचा कंडेन्सर सुकलाय, म्हणून प्रत्येक सुराखाली एक भुताचा सूर येतो. अर्थिंग नीट नाही. आणि स्पीकरचा कागद खालच्या बाजूला साधारण बोटभर फाटलाय आणि कुणीतरी त्यावर चिकटपट्टी लावलीय. शेवटी, 'काळजी करू नये, सर्व दुरुस्त होण्यासारखे आहे.' मी ते इंग्रजीत धडाधड टाईप केलं आणि ग्लेनबरोबर पाठवून दिलं.

पाचेक महिन्यांनी ग्लेन एक रेकॉर्ड घेऊन जिन्यावरून ओरडतच वर आला. सॉल्ट पॅडकची पहिली रेकॉर्ड! एका छोट्या दुकानवाल्यानं काढलेली. डॅनीनं अ‍ॅम्प उघडून बघितला होता. चारही बिघाड बरोबर! चिकटपट्टीसुद्धा! पण पोरांनी काहीच दुरुस्त केलं नव्हतं. उलट कव्हरच्या मागच्या बाजूला काकांचं पत्र जसंच्या तसं छापलं होतं, आदरणीय महोदयपासून खालच्या सहीपर्यंत.

मला तर काय करू नि काय नको असं झालं. मी टाईप केलेलं पत्र ऑस्ट्रेलियात छापलंय! मी त्या कव्हरच्या चाळीस झेरॉक्स काढल्या. ऑफिसात वाटल्या, शेजारी वाटल्या, आमच्या मराठी लोकांच्या कार्यक्रमात वाटल्या. इस्माईलभाईंनी एक वर्कशॉपच्या दारावर चिकटवली. कार्यक्रमात कुणीतरी सगळ्यांसमोर म्हणालं, "काय कासारे, गांजेकसांचे डॉक्टर झालात म्हणे!" हॉल हसला. मीही हसले. काका हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दारावरचा कागद नखानं हळूहळू सोडवला, घडी करून खिशात ठेवला. मी विचारलं, "काय झालं काका?"

म्हणाले, "मी रोग सांगितला, त्यांनी फ्रेम करून भिंतीला लावला. आणि तू गावभर दाखवलास." आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. मग म्हणाले, "तू वाचलंस, बाय. ऐकलं नायस."

त्यानंतर वर्ष-दीड वर्ष काकांनी सॉल्ट पॅडकचं नाव काढलं नाही. बातम्या मात्र येत राहिल्या, कारण ग्लेन काउंटरला टेकला की भावाबद्दलच बोलायचा. पोरांनी जुनी व्हॅन घेतली. एका पबमधून दुसऱ्या पबला दोन-दोन दिवस गाडी चालवत जातात. एकदा समोर ऐकायला सातच माणसं होती, त्यातला एक कुत्रा, असं डॅनीनं लिहिलं होतं. पहिला ढोलवाला लग्न करून निघून गेला, नवा आला. दुसरी रेकॉर्ड निघाली, शहरात थोडं नाव झालं. मी सगळं ऐकायची. काका टेबलाकडे तोंड करून सोल्डरिंग करत बसायचे. पण ग्लेन बोलायला लागला की सोल्डरिंगचा धूर थांबायचा. हे मी बघून ठेवलं होतं.

मग एका सकाळी माझ्या फॅक्स मशीनमधून डॅनीचं पत्र सरसरत बाहेर आलं. काकांच्या नावानं.

शहरातल्या एका मोठ्या कंपनीनं बँडला घेतलं होतं. रेकॉर्डिंगच्या आधी कंपनीनं चांगुलपणानं त्यांचा अ‍ॅम्प भारीतल्या वर्कशॉपला दिला. तिथं सगळं नवं घातलं, व्हॉल्व्ह, कंडेन्सर, स्पीकर, सगळं. जुने पार्ट फेकून दिले. आणि आवाज गेला. डॅनीनं लिहिलं होतं, आम्ही महिना झाला झगडतोय, आम्ही आमच्यासारखे वाजतच नाही. कंपनी म्हणते पाच आठवड्यांत रेकॉर्ड द्या नाहीतर करार संपला. त्या अ‍ॅम्पला नेमकं काय झालं होतं हे जगात फक्त एका माणसानं लिहून ठेवलंय. मिस्टर कासारे, तो परत कसा बिघडवायचा ते सांगाल का?

मी वाचून दाखवताना उड्या मारायच्या बाकी होते. काका म्हणाले, "नाय."

"काका, त्यांचं सगळं संपेल!"

"मी बिघडवत नाय. मफी, नाय म्हणजे नाय. लिहून टाक."

मी लिहिलं नाही. चहाच्या वेळी गच्चीवर गेले तर काका पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलेले. मी गप्प बसले, माझ्यासाठी केवढं अवघड! चहा संपल्यावर त्यांनी आपणहून सांगितलं.

त्यांचे वडील जलशात गायचे. भीमजयंतीला वाडीत लाउडस्पीकर भाड्यानं आणायचे. भाड्यानं देणारा एकच, त्याच्याकडे दोन कर्णे. एक चांगला आणि एक फाटका. वरच्या आळीच्या कार्यक्रमाला चांगला जायचा, वाडीला कायम फाटका. "बापाचा गळा असा होता गो, पाण्यासारखा. पण कर्ण्यातनं नुसती खरखर. खालच्या रस्त्यानं जाणारे लोक हसायचे. मी सातवीत होतो. तेव्हाच ठरवलं, हे काम शिकायचं. आपल्या लोकांचा आवाज फाटका जाता कामा नये. अख्खी हयात मी तो आवाज पुसत आलो. आणि ही पोरं म्हणतात, तोच आवाज आम्हाला बनवून द्या."

मला झेरॉक्स आठवल्या. चाळीस.

दुसऱ्या दिवशी फॅक्सच्या पाठोपाठ ग्लेनकडे कुरिअरनं आलेली कॅसेट त्यानं आणून दिली. दुरुस्त अ‍ॅम्पवरचं रेकॉर्डिंग होतं. मी ती काकांच्या टेबलावर ठेवली आणि माझ्या जागेवर आले. काकांनी एक तास हात लावला नाही. मग लावली. डोळे मिटले, ओठ बोटांत धरला. गाणं संपलं तरी तसेच उभे.

"सगळं बरोबर हाय," ते म्हणाले. "एक पण बिघाड नाय. पण पोरगा कुठाय? पोरगाच दिसत नाय यात." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाय, बापाला जाऊन वीस वर्षं झाली. मला त्याचा गळा आठवायचा झाला ना, तर त्या फाटक्या कर्ण्यातलाच आठवतो. साफ आठवतच नाय. ती खरखर काढली तर बाप पण जातो."

आणि त्यांनी स्टोअरकडे हाक मारली, "इस्माईल, शाळेचा तो भंगारातला व्हॉल्व्हवाला अ‍ॅम्प काढ."

पुढचे तीन शुक्रवार, सुट्टीचे दिवस, आम्ही वर्कशॉपमध्ये होतो. दुरुस्त करणाऱ्या माणसाला बिघडवताना तुम्ही बघायला हवं होतं! ब्लेड हातात घेऊन स्पीकरच्या कागदासमोर पाच मिनिटं बसले, मुलीचे केस पहिल्यांदा कापणाऱ्या बापासारखे. पहिला कागद कापला तर नुसता फडफडला. दुसराही वाया गेला. मग त्यांच्या लक्षात आलं. कागद नवा होता. त्यांनी तिसरा स्पीकर गच्चीवर ठेवला, दिवसा ऊन, संध्याकाळी समुद्राची ती चिकट, खारट दमट हवा, आठवडाभर. मग बोटभर फाडला, वर चिकटपट्टी लावली. आणि तो वाजला! हुबेहूब डॅनीचा!

"नवा कागद फाडला तर तो ओरडतो," काका म्हणाले. "थकलेला कागद फाटला तर गातो. लिही हे. हेच मुख्य."

नमुना म्हणून आवाज पाठवायचा होता. गिटार आमच्याकडे कुठली! काकांनी माइक हातात घेतला, घसा साफ केला आणि त्या फाटक्या स्पीकरमधून वडिलांचं एक गाणं म्हटलं, चारच ओळी. मी रेकॉर्डचं बटण दाबून धरलं होतं. त्या खरखरीतून एक गळा आला आणि मला कळलं की मी काकांचा आवाज ऐकत नाहीये. गाणं संपल्यावर काकांनी माइक हलकेच टेबलावर ठेवला.

पत्र दोन पानांचं झालं. थकलेला व्हॉल्व्ह कुठल्या जागी घालायचा, किती जुना कंडेन्सर शोधायचा, कागद किती दिवस खाऱ्या हवेत ठेवायचा, सगळं. अर्थिंग मात्र नीट करूनच घ्या, असंही त्यांनी लिहायला लावलं. "आवाज बिघडू दे. पोरगा शॉक लागून मरायला नको." शेवटी एक अट होती, 'हे पत्र कुठेही छापू नये.' आणि मग माझ्याकडे बोट करून, "आणि तू. कुणालाच सांगायचं नाय."

"प्रॉमिस, काका."

"इंशाल्ला म्हण. प्रॉमिस तू पाळणार नायस."

पण पाळलं! आईला नाही, इस्माईलभाईंना नाही, कुणालाच सांगितलं नाही. मला काय झालं असेल कल्पना करा. पत्र फॅक्स झालं, काकांच्या गाण्याची कॅसेट ग्लेननं कुरिअर केली, आणि डॅनीकडून एकच ओळ आली, 'आम्ही परत आमच्यासारखे वाजतोय.'

रेकॉर्ड निघायच्या आधी काका गेले. म्हणजे गावाला. वरचं वर्कशॉप अरबाबनी बंद केलं, कारण आता दुरुस्त कोण करतं, लोक नवं घेतात. काकांचा व्हिसा कॅन्सल झाला. अरबाब वाईट माणूस नव्हते, त्यांनी स्वतः गाडीतून एअरपोर्टला सोडलं. निघायच्या आधी काका माझ्या टेबलापाशी आले. टाईपरायटर जाऊन तिथं नवा कॉम्प्युटर आला होता. त्यांनी सवयीनं त्याला कान लावला. बराच वेळ. मग मान हलवली, "याला काय आवाजच नाय गो. हा आजारी पडला तर कळणार कसं?"

तीन महिन्यांनी सॉल्ट पॅडकची तिसरी रेकॉर्ड आली, कॅसेटवर. तीच त्यांची शेवटची. रेकॉर्ड वेळेत गेली, कंपनीनं काढली, जरा खपली, मोठ्या गावांत थोडे कार्यक्रम झाले आणि वर्षभरात बँड संपला. भांडण वगैरे नाही. एकाला मूल झालं, एकाची आई आजारी पडली आणि डॅनी खाणीवर ट्रक चालवायला लागला. शेडमधून सुरू होऊन तीन रेकॉर्ड, एवढीच त्यांची कारकीर्द. ग्लेन सांगताना हसला नाही, पण दुःखीही वाटला नाही. म्हणाला, डॅनी म्हणतो, शेवटची मात्र आमची आमची झाली.

कॅसेट आली त्याच दिवशी मी कव्हर उलटंपालटं करून बघितलं होतं. कुठंही पत्र नव्हतं, नाव नव्हतं. काकांचं गाणंही कुठं घातलेलं नव्हतं. नुसता तो आवाज. मी कव्हर मिटलं, डोळे मिटले आणि पूर्ण ऐकली, मध्ये एकदाही न बोलता. मला त्या संगीतातलं अजूनही काही कळत नाही. पण त्यात एक मुलगा होता, अगदी समोर.

इस्माईलभाई सुट्टीवर दापोलीला निघाले होते. त्यांच्याबरोबर ती कॅसेट पाठवली, आणि गंमत म्हणून एक जुनं कोरं जॉब कार्डही जोडलं. दीड महिन्यानं इस्माईलभाई परत आले ते काजूगर आणि ते कार्ड घेऊन. "कासारे बरे हायत," ते म्हणाले. "वाडीत सगळ्यांचे रेडिओ फुकट नीट करतात. हे तुला दिलंय. वाचू नको म्हणाले, म्हणून मी वाचलं नाय."

काकांनी कार्ड रीतसर भरलं होतं. तक्रारीच्या रकान्यात एक आडवी रेघ. बिघाडाच्या रकान्यात, त्या उभ्या, टोकदार इंग्रजी अक्षरांत, 'नो फॉल्ट फाउंड.' केलेल्या कामाच्या रकान्यात मराठीत, 'दोनदा ऐकले.' खाली सही.

मी कार्ड उलटं केलं. मागं पेन्सिलीनं एकच ओळ होती.

'बाय, आता सांगितलंस तरी चालेल.'

म्हणून सांगितलं.